हिमस्खलनविषयक ज्ञानाचा विकास आणि स्कीपटू : आल्प्स ते गुलमर्ग – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पर्वतीय प्रदेशातील आपत्तींमध्ये भूकंप, दरडी आणि महापूर यांच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे जेवढे लक्ष गेले आहे, तेवढे हिमस्खलनाच्या इतिहासाकडे गेलेले नाही. आपल्याकडे हिमस्खलनाची बातमी येते ती प्रामुख्याने सीमेवरील जवानांच्या मृत्यूच्या संदर्भात, आणि तिचे वर्णन बहुधा 'निसर्गाचा कोप' या दोन शब्दांत आटोपते. युरोपात मात्र या विषयाला सहा शतकांहून अधिक काळाचा लिखित इतिहास आहे. गावे, रस्ते व लोहमार्ग यांच्या रक्षणासाठी तेथे हिमाचा अभ्यास सुरू झाला, युद्धकाळात त्यास गती मिळाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यातून एक स्वतंत्र विज्ञान उभे राहिले.

या इतिहासात एक विसंगती ठळकपणे जाणवते. हिमस्खलनापासून वस्त्यांचे रक्षण करण्यात या विज्ञानाला मोठे यश आले. परंतु आखलेल्या व निगराणीखालील मार्गांबाहेर, मोकळ्या डोंगरउतारांवर जाणाऱ्या स्कीपटूंच्या बाबतीत तेवढे यश आले नाही. या प्रकाराला बॅककंट्री स्कीइंग म्हणतात. हिमाविषयीचे ज्ञान वाढत असताना, ते ज्ञान जवळ असलेली माणसेच हिमाखाली का सापडत राहिली, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधताना या ज्ञानाच्या विकासाचे टप्पे तपासले आहेत आणि अखेरीस काश्मीरमधील गुलमर्गच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे.

अरण्य, गाव आणि नोंदी

आल्प्समधील खेड्यांना हिमस्खलनाचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. कोणत्या ओहोळातून हिम खाली येते आणि कोठे घर बांधू नये, हे ज्ञान प्रामुख्याने मौखिक परंपरेने चालत आले होते. या लोकज्ञानाचा एक महत्त्वाचा लिखित पुरावा म्हणजे स्वित्झर्लंडमधील आंदरमाट येथील इ. स. १३९७ चा दस्तऐवज. गावावरील उतारावरचे अरण्य तोडण्यास त्याद्वारे बंदी घालण्यात आली. वृक्षांची उभी खोडे हिमाला जागीच धरून ठेवतात, हे निरीक्षण या बंदीच्या मुळाशी होते. आज ज्याला आपण आपत्ती-व्यवस्थापन म्हणतो, त्याचे हे प्रारंभीचे रूप म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकात या ज्ञानाला शासकीय अधिष्ठान मिळाले. स्वित्झर्लंडचे पहिले संघीय मुख्य वनाधिकारी योहान कोआझ (१८२२–१९१८) यांनी हिमस्खलनांच्या पद्धतशीर नोंदी ठेवण्याचे कार्य हाती घेतले. स्विस आल्प्समधील हिमस्खलनांवरील त्यांचा ग्रंथ १८८१ मध्ये आणि त्यांची आकडेवारी व प्रतिबंधक बांधकामे यांविषयीचा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. कोणते हिमस्खलन कोणत्या मार्गाने आणि किती अंतराने येते, तसेच ते उगमस्थानीच रोखण्यासाठी दगडी भिंती कोठे बांधाव्यात, हे प्रश्न त्यांनी हाताळले.

या टप्प्याचे एक वैशिष्ट्य पुढील विवेचनासाठी लक्षात घेणे आवश्यक आहे. या ज्ञानाच्या केंद्रस्थानी स्थिर मनुष्य होता. घर, गोठा, चर्च आणि रस्ता जागच्या जागी आहेत, हिम त्यांच्याकडे येते आणि त्याला अडवायचे किंवा त्याच्या वाटेतून दूर राहायचे, असे या विचाराचे स्वरूप होते.

स्कीचा प्रवेश आणि महायुद्ध

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेमधून स्की आल्प्समध्ये आली आणि हे समीकरण बदलू लागले. ज्या उंच उतारांकडे हिवाळ्यात क्वचितच कोणी फिरकत असे, तेथे माणसे स्वखुशीने जाऊ लागली. जर्मन भूशास्त्रज्ञ विल्हेल्म पाउल्के यांनी १८९७ मध्ये सहकाऱ्यांसह बर्नीज ओबरलांड हा हिमाच्छादित प्रदेश स्कीवरून ओलांडला. पुढे त्यांनी हिमाच्या थरांचा अभ्यास आयुष्यभर केला. चेन्नई येथे, म्हणजे तत्कालीन मद्रासमध्ये, १८८८ साली जन्मलेले इंग्रज लेखक आर्नल्ड लन यांनीही स्कीपटूच्या दृष्टीने हिमाच्या प्रकारांविषयी लेखन केले. हिमस्खलनविषयक ज्ञानाला स्कीपटूंचा हातभार येथून लागू लागला.

पहिल्या महायुद्धाने या विषयाचे गांभीर्य अत्यंत क्रूर रीतीने पुढे आणले. इटली व ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यातील आघाडी उंच पर्वतांतून जात होती. १३ डिसेंबर १९१६ रोजी मार्मोलादा पर्वतावरील ऑस्ट्रियन सैन्याच्या बराकींवर हिमस्खलन कोसळून सुमारे २७० सैनिक मृत्युमुखी पडले. आल्पाइन स्कीइंगचे आद्य प्रशिक्षक माथियास झ्डार्स्की हेही त्याच वर्षी सैन्यासोबत काम करत असताना हिमस्खलनात सापडले. शरीरात असंख्य अस्थिभंग होऊनही ते वाचले. उंच पर्वतांत सैन्य ठेवायचे असेल तर हिमाचे ज्ञान अपरिहार्य आहे, हा धडा युरोपातील शासनांना या युद्धाने दिला.

प्रयोगशाळेतील हिम

हिमाचे शास्त्रीय संशोधन संस्थात्मक पातळीवर सुरू झाले ते स्वित्झर्लंडमध्ये. तेथे १९३१ मध्ये हिम व हिमस्खलन संशोधनासाठी आयोग स्थापन झाला. दावोस गावाहून वाइसफ्लुयोख या सुमारे २,६६० मीटर उंचीवरील खिंडीपर्यंत १९३२ मध्ये लोहमार्ग पूर्ण झाला आणि १९३६ मध्ये तेथेच संशोधकांनी हिमात प्रयोगशाळा थाटली. स्कीपटूंना वर नेणारी गाडीच संशोधकांनाही वर नेत होती, ही बाब लक्षणीय आहे. हेन्री बाडर हे खनिजशास्त्रज्ञ होते, तर रॉबर्ट हेफेली हे मृदा-यांत्रिकीचे अभियंता होते. या दोन शास्त्रांच्या संयोगातून हिमाकडे पाहण्याची नवी दृष्टी निर्माण झाली. या गटाचा हिम व त्याचे रूपांतरण यांवरील ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी १९३६ मध्ये ब्रिटिश अभ्यासक जेरल्ड सेलिगमन यांचा हिमाची रचना व स्कीची मैदाने यांवरील ग्रंथ प्रकाशित झाला होता.

या संशोधनाचे सार असे सांगता येईल. डोंगरावर साचलेले हिम एकजिनसी नसते. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर तयार होतो आणि पडल्यानंतरही त्यातील स्फटिक बदलत राहतात. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या जवळ असते, तर पृष्ठभाग पुष्कळ थंड असतो. या तापमानभेदामुळे बाष्प खालून वर सरकते आणि तळाशी साखरेच्या जाड दाण्यांसारखे सुटे, टोकदार स्फटिक तयार होतात. त्यांची एकमेकांवरील पकड अत्यल्प असते. हिमाची जाडी कमी आणि थंडी अधिक असेल, तर ही प्रक्रिया अधिक तीव्र होते. कमी हिम म्हणजे कमी धोका, ही सर्वसाधारण समजूत म्हणूनच चुकीची ठरते.

अशा दुर्बल थरावर वाऱ्याने वाहून आणलेल्या हिमाचा घट्ट थर बसला, की त्याचा एक फलक बनतो. घराच्या स्लॅबप्रमाणे तो एकसंध असतो, मात्र त्याखालचा आधार पोकळ असतो. साधारणपणे ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, एका माणसाच्या वजनानेही खालचा दुर्बल थर मोडू शकतो. ही मोड क्षणार्धात दूरवर पसरते आणि संपूर्ण फलक सुटून खाली धावू लागतो. मोठ्याने ओरडल्याने हिमस्खलन होते ही जुनी समजूत निराधार आहे. आवाजाचा दाब त्यासाठी फारच अपुरा असतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्विस सैन्याने हिमस्खलनाचे अंदाज देणारी सेवा उभी केली. १९४५ मध्ये ती दावोस येथील संस्थेकडे आली आणि सैन्यासाठीचे अंदाज सामान्य नागरिकांसाठी खुले झाले. अमेरिकेत यूटा राज्यातील आल्टा येथे माँटगोमेरी ॲटवॉटर या माजी सैनिकाने युद्धोत्तर काळात स्फोटके व तोफगोळे वापरून उतारांवरील हिम नियंत्रितपणे पाडण्याचे तंत्र विकसित केले. स्कीकेंद्रांच्या आखलेल्या मार्गांची सुरक्षितता आजही बऱ्याच अंशी याच तंत्रावर अवलंबून आहे.

१९५१ आणि १९९९ : एक तुलना

या ज्ञानाची फलश्रुती समजून घेण्यासाठी स्वित्झर्लंडमधील दोन हिवाळ्यांची तुलना उपयुक्त ठरते. १९५०–५१ च्या हिवाळ्यात तेथे हिमस्खलनांत ९८ जणांचा बळी गेला. जानेवारी १९५१ मध्ये फाल्स या एकाच गावात १९ जण मरण पावले आणि फेब्रुवारीत आइरोलो येथे १०. त्यानंतर उगमस्थानी पोलादी अडथळे उभारणे, धोक्याच्या क्षेत्रांचे नकाशे करणे, त्या क्षेत्रांत बांधकामास मनाई करणे, नवे वृक्षारोपण, रस्ते वेळीच बंद करणे आणि लोकांचे स्थलांतर असा बहुविध कार्यक्रम राबविण्यात आला.

फेब्रुवारी १९९९ मध्ये तशीच प्रचंड हिमवृष्टी झाली आणि नुकसानकारक हिमस्खलनांची संख्याही जवळपास १९५१ एवढीच होती. तथापि स्वित्झर्लंडमधील मृतांची संख्या १७ होती, आणि त्यांपैकी १२ जण एव्होलेन येथील एकाच दुर्घटनेतील होते. दरम्यानच्या काळात पर्वतांतील वस्ती, पर्यटक आणि वाहतूक अनेक पटींनी वाढली होती, हे विचारात घेता या यशाचे महत्त्व अधिकच जाणवते. हे यश सर्वत्र सारखे नव्हते. त्याच महिन्यात ऑस्ट्रियातील गाल्ट्यूर येथे ३१ आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या व्हाल्त्सूर येथे ७ जण मृत्युमुखी पडले. असे असले तरी वस्त्यांच्या रक्षणाचा प्रश्न बऱ्याच प्रमाणात सुटू शकतो, हे सिद्ध झाले. २०१८ मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया येथील हिमस्खलन-धोक्याच्या व्यवस्थापनाचा अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. लोकज्ञान आणि विज्ञान यांच्या दीर्घ सहवासाची ती पावतीच होय.

बळी आणि कारण एकच

वस्त्यांमधील मृत्यू घटत असताना मृतांचे स्वरूप मात्र बदलले. स्वित्झर्लंडमध्ये अलीकडच्या दशकांत दरवर्षी सरासरी वीसहून अधिक जण हिमस्खलनात मरण पावतात. त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मृत्यू घरांत किंवा रस्त्यांवर नव्हे, तर मोकळ्या डोंगरउतारांवर होतात, आणि मृतांत स्कीपटूंचा वाटा मोठा असतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की अशा दहापैकी सुमारे नऊ घटनांमध्ये हिमस्खलन मृत व्यक्तीमुळे किंवा तिच्याच गटातील सहकाऱ्यामुळे सुरू झालेले असते.

कोआझ यांच्या काळातील समीकरण येथे पूर्णपणे उलटते. पूर्वी हिम माणसाकडे येत होते. आता माणूस हिमाकडे जातो आणि आपल्याच वजनाने ते सोडवतो. भिंत बांधावी तर कोठे, आणि स्थलांतर करावे तर कोणाचे, असा प्रश्न उभा राहतो. राज्यसंस्थेने विकसित केलेली बहुतेक साधने या ठिकाणी कुंठित होतात.

यावर दोन दिशांनी उपाय शोधले गेले. पहिला उपाय शोधकार्याचा होता. १९६८ मध्ये अमेरिकेत जॉन लॉटन यांनी, हिमाखाली गाडल्या गेलेल्या व्यक्तीचा संदेश पकडणारे रेडिओयंत्र तयार केले. त्याच्या सुधारित आवृत्त्या आज प्रत्येक जबाबदार स्कीपटूच्या अंगावर असतात आणि सोबत फावडे व शोधकाठी असते. परंतु या उपायाची मर्यादा १९९४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातील एका लेखाने स्पष्ट केली. स्विस नोंदींच्या आधारे त्यात असे दिसून आले, की पूर्णपणे गाडल्या गेलेल्यांपैकी पंधराव्या मिनिटापर्यंत सुमारे ९२ टक्के जण जिवंत राहू शकतात, मात्र पस्तिसाव्या मिनिटाला हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत उतरते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या विश्लेषणानुसार तर हा अनुकूल कालावधी दहा मिनिटांच्या आसपासच आहे. एवढ्या वेळात बाहेरचे बचावपथक पोहोचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणजेच वाचविणारा तोच, जो सोबत आहे.

दुसरा उपाय सूचनांचा. १९९३ मध्ये युरोपातील देशांनी धोक्याची पाच अंशांची समान श्रेणी स्वीकारली. पहिला अंश अल्प धोक्याचा, तर पाचवा अत्यंत मोठ्या धोक्याचा. येथेही एक विचार करण्यासारखी बाब आढळते. स्कीपटूंचे सर्वाधिक मृत्यू पाचव्या किंवा चौथ्या नव्हे, तर तिसऱ्या अंशाच्या दिवशी होतात. धोका टोकाचा असतो तेव्हा बहुतेक जण घरी थांबतात. तिसऱ्या अंशाच्या दिवशी आकाश अनेकदा निरभ्र असते, ताजे हिम मोहक दिसते आणि धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही.

हिमाकडून मनाकडे

या परिस्थितीतून हिमस्खलनविषयक विचाराने विसाव्या शतकाच्या अखेरीस एक महत्त्वाचे वळण घेतले. स्विस पर्वत-मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांनी असे प्रतिपादन केले, की एका ठिकाणी खड्डा खणून हिमाचे थर तपासल्याने संपूर्ण उताराची खात्री देता येत नाही, कारण दुर्बल थर काही पावलांवरच बदलतो. म्हणून १९९० च्या दशकात त्यांनी संभाव्यतेवर आधारित पद्धत मांडली. दिवसाचा धोक्याचा अंश, उताराचा कोन, त्याची दिशा, गटाची संख्या आणि परस्परांतील अंतर यांचा साधा हिशेब करून जावे की परतावे हे ठरवायचे. या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली. हिमाचे शास्त्र बाजूला सारून गणित पुढे केले जाते, असा आक्षेप होता. तथापि अनिश्चितता मान्य करूनही शिस्तबद्ध निर्णय घेता येतो, हे तिने दाखवून दिले.

अमेरिकेत इयन मॅकॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातील ७१५ दुर्घटनांचा अभ्यास २००४ मध्ये मांडला. मृतांमध्ये प्रशिक्षित माणसेही होती आणि अनेक ठिकाणी धोक्याच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या, असे त्यांना आढळले. परिचित उतारावरील फाजील विश्वास, ठरविलेले उद्दिष्ट सोडण्याची अनिच्छा, इतरांच्या नजरेत भरण्याची इच्छा, गटातील अनुभवी व्यक्तीवर विसंबणे, अस्पर्शित हिम इतरांआधी गाठण्याची घाई आणि इतर लोक जात आहेत म्हणून आपणही जाणे, असे मनाचे सापळे त्यांनी नोंदविले. चौदाव्या शतकात वृक्षांच्या खोडांपासून सुरू झालेला अभ्यास अशा रीतीने मानवी मनापर्यंत येऊन पोहोचला.

या वळणाचा एक नैतिक पैलूही आहे. दुर्घटनेनंतर मृतांना बेफिकीर ठरविणे सोपे असते. परंतु वर उल्लेखिलेले सापळे बेफिकीर माणसाचे नव्हेत, ते सामान्य माणसाचे आहेत. दैनंदिन जीवनात परिचयावर आणि अनुभवी माणसावर विश्वास ठेवूनच आपण जगतो. डोंगर मात्र चुकीच्या निर्णयाची शिक्षा प्रत्येक वेळी देत नाही. दहा वेळा धोकादायक उतार सुखरूप पार झाला, की अकराव्या वेळी तो सुरक्षित वाटू लागतो. अनुभवच अशा वेळी दिशाभूल करतो.

गुलमर्ग : भारतीय संदर्भ

भारतात हिमस्खलनाचा शास्त्रीय अभ्यास संरक्षणाच्या गरजेतून उभा राहिला. गुलमर्ग येथे १९४८ मध्ये भारतीय सैन्याची स्कीइंगची शाळा सुरू झाली, जिचे पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये रूपांतर झाले. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या अंतर्गत १९६९ मध्ये मनाली येथे हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था स्थापन झाली. २०२० मध्ये दुसऱ्या एका संस्थेशी विलीनीकरण होऊन तिचे रूपांतर संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्थेत झाले. पश्चिम हिमालयासाठी हिमस्खलनाच्या सूचना देण्याचे कार्य या परंपरेतून चालते. प्रशिक्षित सैन्यालाही हा धोका चुकलेला नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळील खिलनमर्ग येथे याच प्रशिक्षण शाळेच्या तुकडीवर हिमस्खलन कोसळून किमान १७ जवान मृत्युमुखी पडले.

दरम्यान गुलमर्गच्या स्कीइंगचे स्वरूप पालटले होते. २००५ मध्ये गोंडोलाचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि अफरवात पर्वताच्या खांद्यापर्यंत, म्हणजे ३,९०० मीटरहून अधिक उंचीपर्यंत, काही मिनिटांत पोहोचणे शक्य झाले. आल्प्समध्ये जे अंतर स्कीपटू तासन्‌तास चढून पार करीत आणि चढताना पायाखालचे हिम पारखीत, ते येथे बंद पाळण्यात बसून पार होऊ लागले. गोंडोलाच्या आसपासच्या क्षेत्रावर गस्तीपथकाची निगराणी असते. तिच्या सीमेपलीकडील विस्तीर्ण उतार मात्र मोकळे आहेत, आणि जगभरातील स्कीपटू येतात ते प्रामुख्याने त्यांच्यासाठी. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवात येथे पोलंडच्या दोन स्कीपटूंचा, तर २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गुलमर्गच्या वरील उतारांवर एका रशियन स्कीपटूचा हिमस्खलनात मृत्यू झाला. अशा गटांसोबत स्थानिक मार्गदर्शक असतात आणि दुर्घटनेनंतर प्रथम धावून जाणाऱ्यांतही स्थानिक तरुण असतात. पाहुण्याने घेतलेल्या निर्णयाची जोखीम अशा प्रकारे त्यांच्याही वाट्याला येते.

पश्चिमी झंझावातांमुळे काश्मीरमध्ये थोड्या दिवसांत प्रचंड हिमवृष्टी होते आणि त्यानंतर लख्ख ऊन पडते. स्कीपटूच्या मनाला मोहविणारे आणि हिमाच्या थरांना अस्थिर ठेवणारे दिवस बरेचदा एकच असतात. आल्प्समध्ये गाव, सैन्य आणि मग स्कीपटू अशा क्रमाने, काही शतकांच्या अवधीत हे ज्ञान वाढत गेले. गुलमर्गमध्ये सैन्याकडून थेट पर्यटनाकडे हा प्रवास काही दशकांत झाला. मधला टप्पा, म्हणजे नागरी समाजात हिमाच्या धोक्याविषयीची सामायिक भाषा रुजण्याचा टप्पा, तेथे अजून घडत आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, हिमस्खलनविषयक ज्ञान एकाच दिशेने साचत गेले नाही. कोणाचे रक्षण करायचे, या प्रश्नाच्या बदलत्या उत्तरानुसार त्याचा विषयच बदलत गेला. अरण्य, भिंत, स्फटिक, सूचना आणि अखेरीस मानवी निर्णय, असा हा क्रम आहे. दुसरा, स्थिर वस्तीच्या रक्षणाची साधने फिरत्या माणसाला पुरी पडत नाहीत. १९५१ आणि १९९९ यांमधील यश स्कीपटूच्या बाबतीत आपोआप घडून येणार नाही. तिसरा, गुलमर्गसारख्या ठिकाणी यंत्रे व सूचना यांबरोबरच स्थानिक मार्गदर्शकाला 'आज जाऊ नये' असे म्हणण्याचा अधिकार आणि ते म्हटल्याने त्याची रोजी बुडणार नाही अशी व्यवस्था असणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रातून दरवर्षी मोठ्या संख्येने तरुण पदभ्रमण आणि गिर्यारोहण-प्रशिक्षणासाठी हिमालयात जातात. सह्याद्रीत मिळविलेला अनुभव त्यांच्या गाठीशी असतो, परंतु हिम वाचण्याची परंपरा त्यांना वारशात लाभलेली नसते. त्यांच्या शिक्षणात दोर आणि कुऱ्हाड यांच्या वापराइतकेच महत्त्व मागे फिरण्याच्या निर्णयाला मिळावयास हवे. हिमस्खलनाच्या इतिहासाचा अभ्यास महाविद्यालयीन पातळीवर करण्याचे प्रयोजन यातच आहे.